राहिलेले ३४ साक्षीदार

एका निकालपत्रातली एक जागा कितीतरी दिवस माझ्या मनातून जात नाही. अर्जदार सात वर्षे चार महिन्यांहून अधिक काळ कोठडीत आहे, खटला गोगलगायीच्या गतीने चालला आहे, ३० साक्षीदार तपासून झाले आहेत आणि ३४ अजून तपासायचे आहेत, असा तिचा आशय. गोगलगायीची उपमा वापरून वापरून गुळगुळीत झालेली आहे. पण तिच्या लगेच मागून हे दोन आकडे येतात आणि त्या झिजलेल्या उपमेला पुन्हा धार चढते.

निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे. तारीख २८ मार्च २०२३, प्रकरण मोहम्मद मुस्लिम विरुद्ध दिल्ली राज्य. पीठावर न्यायमूर्ती एस. रवींद्र भट आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता होते, आणि लेखन न्या. भट यांचे आहे. प्रकरण गांजाचे, २०१५ सालच्या अटकेचे. जामीन मागणाऱ्या अर्जदाराचे नाव सहआरोपींच्या जबाबांतून पुढे आलेले होते. त्याच्या स्वतःजवळ गांजा सापडलेला नव्हता. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल जामीन अवघड करणाऱ्या कलम ३७ साठी वाचतात. मी तो गद्याचा एक उत्तम नमुना म्हणून पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. भाषा जपून वापरली तर ती माणसाच्या किती उपयोगी पडू शकते, हे मला त्यात दिसते.

भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या आमच्या घरी एका संध्याकाळी हा निकाल मी बाबांना मराठीत सांगत होतो. बाबांची उभी हयात पोलाद कारखान्यात गेली. हजेरी, पाळी, ओव्हरटाइम या शब्दांनी त्यांचे आयुष्य मोजले गेले. साक्षीदारांच्या आकड्यांपाशी त्यांनी मला थांबवले. “थांब जरा. तीस व्हायला सात वर्षं लागली, तर उरलेल्या चौतिसांना किती लागतील?” मी मोबाइल काढेपर्यंत त्यांनी तोंडी हिशेब केलाही होता. ८८ महिन्यांत ३० साक्षीदार, म्हणजे एकाला साधारण तीन महिने. ३४ जणांना आणखी आठ वर्षे आणि वर काही महिने. अटकेच्या दिवसापासून धरले तर एकूण साडेपंधरा वर्षांच्या वर.

निकालात हा गुणाकार कुठेही केलेला नाही, आणि मला त्या ओळीची खरी ताकद तिथेच जाणवते. न्यायमूर्तींनी दोन आकडे शेजारी ठेवले आणि पुढचे काम वाचणाऱ्यावर सोपवले. आपल्याकडे काव्यशास्त्रात याला ध्वनी म्हणतात. सांगितलेल्यापेक्षा न सांगितलेले अधिक ऐकू येते. व्यापारी प्रमाणातल्या गांजासाठी, म्हणजे २० किलोंच्या वर, कायद्याने कमीत कमी १० वर्षांची शिक्षा ठेवली आहे. बाबांचा हिशेब खरा ठरला असता तर खटल्याचा निकाल लागायच्या किती तरी आधी या माणसाची किमान शिक्षा भोगून संपली असती. मग न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले असते तर? हा प्रश्न निकाल त्या ओळीपाशी विचारत नाही. तो शेवटासाठी राखून ठेवतो, आणि मीही तो शेवटासाठीच ठेवतो.

आता वाट अडवणाऱ्या कलमाकडे वळू. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ सालचा. लोक त्याला एनडीपीएस म्हणतात. त्यातले कलम ३७ जामिनाच्या बाबतीत १९८९ पासून कडक झाले, आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर त्याची पकड मुख्यतः व्यापारी प्रमाणाच्या आणि काही ठरावीक गंभीर गुन्ह्यांपुरती राहिली. कलमाची मागणी अशी: सरकारी वकिलाला विरोध करायची संधी द्या, त्याने विरोध केला तर हा माणूस दोषी नाही असे मानायला वाजवी आधार आहे, आणि बाहेर सुटल्यावर तो कोणताही गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशाची खात्री पटली पाहिजे.

ही मागणी सावकाश वाचावी. साक्षीदार अजून पिंजऱ्यात आलेले नाहीत, मुद्देमाल अजून न्यायालयात उघडलेला नाही, आणि न्यायाधीशाने खटल्याचा शेवट आधीच ओळखायचा आहे. एवढेच नव्हे, एका माणसाचे पुढचे वागणेही ओळखायचे आहे. एरवी सरकार दोष सिद्ध करते. इथे जामिनाच्या पायरीवरच आरोपीने निर्दोषपणाची चुणूक दाखवायची.

न्या. भट या भिंतीपाशी कसे पोहोचतात ते पाहण्यासारखे आहे. ते कलम घटनाबाह्य आहे असे म्हणत नाहीत. कायदेमंडळाचा अधिकारही नाकारत नाहीत. कलम अगदी शब्दशः वाचले तर काय होईल, एवढेच ते विचारतात. आणि उत्तर देतात की जामीन जवळजवळ अशक्यच होईल. कोठडी हीच शिक्षा होऊन बसेल आणि तिला कायद्याने परवानगी न दिलेल्या प्रतिबंधक स्थानबद्धतेचे रूप येईल. म्हणून हे कलम घटनेच्या चौकटीत बसवून वाचायची एकच रीत उरते. समोर आलेली सामग्री प्रथमदर्शनी आणि ढोबळ नजरेने पाहायची आणि तेवढ्यावर वाजवी समाधान होते का, ते ठरवायचे. सोनार दागिना न मोडता सांधा सैल करतो, तशी ही वाचनाची रीत आहे. कलम जिथे होते तिथेच राहते. त्याच्या आत माणसाला श्वास घेण्यापुरती जागा होते.

पुढे विलंबाचा मुद्दा येतो. खटला अवाजवी लांबला या कारणासाठी द्यायच्या जामिनाला कलम ३७ ची बेडी पडत नाही, असे निकाल स्पष्ट म्हणतो. आधारासाठी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३६-अ कडे बोट दाखवतो. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपैकी निम्मा काळ कोठडीत गेला की कैद्याला जामिनावर सोडण्याची तरतूद या कलमात होती. २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल निकालाने ती एनडीपीएसच्या कैद्यांनाही लागू असल्याचे सांगितले होते.

इथे निकालावर प्रेम करणाऱ्यालाही थोडे थांबावे लागते. व्यापारी प्रमाणासाठी कमाल शिक्षा २० वर्षांची आहे आणि तिचा निम्मा काळ १० वर्षे भरतो. अर्जदाराची सात वर्षे चार महिने त्या मापात बसत नाहीत. ४३६-अ हा आधार म्हणून सांगितला आहे खरा, पण इमारत उभी आहे ती घटनेच्या २१ व्या अनुच्छेदावर, जलद खटल्याच्या हक्कावर. १९७९ च्या हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे नाते निकालाने आणखी उलगडून लिहिले असते तर पुढच्या न्यायालयांचे काम सोपे झाले असते. रसिकाने उणीव झाकू नये. उणीव दिसते कारण आपण जवळून वाचत असतो.

आता मी या निकालाच्या हृदयापाशी येतो. अर्जदार जामिनाला पात्र आहे असे मत नोंदवून झाले. कायद्याच्या दृष्टीने आता फक्त हुकूम लिहायचा उरला होता. तरी लेखणी थांबत नाही. निरोप घेण्याआधी काही सांगणे अगत्याचे आहे, अशा सुराने काही परिच्छेद सुरू होतात. निर्णयासाठी त्यांची गरज नव्हती. दारापर्यंत पोचवायला आलेले वडीलधारे माणूस उंबऱ्याशी उभे राहून मनातली खरी गोष्ट सांगते, तसे ते आहेत.

आधी कबुली येते: जामीन कठीण करणारे कायदे लोकहितासाठी आवश्यक असू शकतात. मग प्रतिपक्ष: पण खटले वेळेत संपले नाहीत तर व्यक्तीवर होणाऱ्या अन्यायाला मोजमाप उरत नाही. मग आकडे. ३१ डिसेंबर २०२१ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,५४,०३४ माणसे होती. त्यांतली १,२२,८५२ शिक्षा झालेली आणि ४,२७,१६५ खटला चालू असलेली. तुरुंगात असलेल्या दर चार माणसांपैकी तिघांना अजून कोणी दोषी ठरवलेले नव्हते.

मराठीत या तिघांना ‘कच्चे कैदी’ म्हणतात. आमच्या भिलाईत हिंदीत ‘विचाराधीन बंदी’ म्हणतात, म्हणजे ज्याचा विचार चालू आहे असा. मला मराठी शब्द अधिक खरा वाटतो. कच्चे म्हणजे अजून काहीच ठरलेले नाही. त्याचे काय होईल ते काळावर आहे. आणि निकालाचा पुढचा परिच्छेद नेमका यावरच आहे की काळ या कच्च्याचे काय करतो.

केरळ उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालातून न्या. भट यांनी तिथे एक उतारा घेतला आहे. तुरुंग माणसाच्या अंगात कसा मुरत जातो त्याचे ते वर्णन आहे. माणूस आपली ओळख हरवतो. त्याला नंबराने ओळखले जाते. जवळच्या वस्तू जातात. नाती राहत नाहीत. स्वातंत्र्य, मान आणि स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा गेल्याने मन आजारी पडते. शेवटी स्वतःकडे पाहायची नजरच बदलते. मुळातली वाक्ये आखूड आहेत, अनेकांचा कर्ता ‘तो’, आणि एकेका वाक्यात एकेक गोष्ट काढून घेतली जाते. एक गज, मग दुसरा, मग तिसरा, अशी त्यांची लय आहे. निकालपत्रांची भाषा एरवी पोटवाक्यांनी फुगलेली असते. तीत हा उतारा आला की वाचकाचा वेगच बदलतो. उसना घेतलेला मजकूर असा नेमक्या जागी बसवणे हेही लेखनच आहे. काव्यशास्त्रकार क्षेमेंद्राने ज्याला औचित्य म्हटले ते हेच.

कैरी बरणीत मुरते तेव्हा ती पुन्हा कैरी होत नाही. सात वर्षे आत राहिलेला कच्चा कैदी निर्दोष सुटला तरी अटकेच्या दिवशीचा माणूस म्हणून घरी परतत नाही. डोनाल्ड क्लेमर या अभ्यासकाच्या १९४० सालच्या तुरुंगजीवनावरील पुस्तकाचा आधार घेऊन निकाल आणखी एक धोका दाखवतो: आतल्या जगात गुन्हा हीच मानाची गोष्ट होऊन बसते. ज्या समाजाला वाचवण्यासाठी कलम ३७ आणले, त्याच समाजाकडे लांबलेला खटला असा माणूस पाठवतो. हा युक्तिवाद फक्त करुणेचा नाही. सार्वजनिक सुरक्षेचाही आहे.

त्यानंतर निकाल तुरुंगाच्या बाहेर येतो. कैदी गरीब असेल तर रोजगार ताबडतोब जातो. मग घर विखुरते. मग घरातले बंध तुटतात. मग समाजच परका होतो. हा क्रम पाहावा. पाण्यात दगड पडल्यावर वलये बाहेर सरकत जावीत तसे नुकसान एका माणसापासून घराकडे आणि घरापासून समाजाकडे सरकत जाते. करुण रसासाठी इथे एकही उसासा खर्च केलेला नाही. क्रमानेच काम केले आहे.

हुडकोत राहणाऱ्याला ही वलये पुस्तकातली वाटत नाहीत. मुंबई–हावडा लोहमार्ग आणि जीई रोड आमच्या गावातून जातात. ओडिशाच्या डोंगरांतला गांजा छत्तीसगडमार्गे महाराष्ट्राकडे, मध्य प्रदेशाकडे, दिल्लीकडे जातो आणि वाटेत पकडला जातो. पकडला गेला की बहुधा सापडतो तो ट्रकचा ड्रायव्हर, क्लीनर, भाड्याने सामान नेणारा पोरगा. माल कोणाचा आणि पैसा कोणाचा, हे शोधायला वेळ लागतो. तोवर त्यांचा वेळ दुर्गच्या मध्यवर्ती तुरुंगात जातो, मुलाखतीच्या दिवशी आईबाप बाहेर रांगेत उभे असतात, पुढच्या सुनावणीची तारीख हातावर लिहून घेतात, आणि हायकोर्टात जायचे तर बिलासपूरचे भाडे जमवतात.

दुसरी बाजूही मी तितक्याच गांभीर्याने लिहितो. व्यसनाने पोखरलेली घरे मी पाहिली आहेत. पोराने आईच्या अंगावरचे सोने विकलेले ज्याने पाहिले, त्याला कलम ३७ चा राग येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेच जुलै २०२२ मध्ये नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोच्या एका अपिलात म्हटले होते की कोठडीचा काळ, आरोपपत्र दाखल होणे आणि खटला सुरू होणे ही कारणे कलम ३७ खालच्या जामिनासाठी स्वतःहून पुरेशी नाहीत. त्या निकालाला आपले तर्कशास्त्र आहे. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की न्या. भट यांनी काय केले ते नीट कळते. ‘किती दिवस झाले’ या प्रश्नासोबत त्यांनी ‘आणखी किती लागणार’ आणि ‘हा उशीर कोणामुळे’ हे प्रश्न आणले. काळ आरोपीच्या खात्यावरून काढून त्यांनी राज्याच्या खात्यावर मांडला. ज्याने कडक कायदा केला, त्याने खटलाही तेवढ्याच तत्परतेने चालवला पाहिजे. कडकपणाची ती किंमत आहे.

ही जाणीव एका दिवसात आलेली नाही. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीच्या याचिकेवर न्यायालयाने रखडलेल्या एनडीपीएस कैद्यांसाठी एकवेळचे माप ठरवून दिले: किमान १० वर्षांच्या शिक्षेचा आरोप असेल आणि पाच वर्षे कोठडीत गेली असतील तर जामीन. २०१३ च्या थाना सिंग प्रकरणातला कैदी १२ वर्षांहून अधिक काळ खटल्याची वाट पाहत होता. त्या निमित्ताने तहकुबी, प्रयोगशाळा आणि अहवाल यांबद्दल सूचना निघाल्या. जुलै २०२३ मध्ये ओडिशाच्या एका प्रकरणात साडेतीन वर्षांत १९ पैकी एकच साक्षीदार तपासला गेला होता. तिथे न्यायालयाने सशर्त स्वातंत्र्याला कलम ३७ च्या अडसराच्या वर ठेवले. मोहम्मद मुस्लिम निकाल या ओळीत मधोमध उभा आहे. माझ्या मते सगळ्यांत उत्तम लिहिलेला तोच आहे, कारण नियम सांगण्यापाशी न थांबता तो नियमामागचा माणूस दाखवतो.

सर्वोच्च न्यायालयाच्याच न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालांशी तुलना होणे अपरिहार्य आहे. १९७८ चा त्यांचा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निकाल आमच्या भागाला जवळचा आहे. तेव्हा भिलाई मध्य प्रदेशातच होती. एका गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, पण त्याच्या अटी मोघम राहिल्या. खालच्या न्यायालयाने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला जामीन राहू दिले नाही. अय्यर कडाडले. त्यांच्या भाषेत वीज आहे, अनुप्रास आहे, सभा गाजवणारा आवाज आहे. गवंडी आणि कोट्यधीश यांना एकाच मापाने मोजले तर अन्याय ठरलेलाच, असे सुनावून त्यांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला लावले. भट यांचा आवाज खाली आहे. ते पुरावा मांडतात, आकडा ठेवतात आणि बाजूला होतात. एकाने गदागदा हलवले, दुसऱ्याने हाताला धरून दाखवले. मला दोन्ही हवेत.

पण मोतीरामची आठवण वेगळ्या कारणासाठीही हवी. मोहम्मद मुस्लिम निकालाचा अखेरचा हुकूमही जामिनाच्या अटी खटल्याच्या न्यायालयावरच सोपवतो. मराठीत ‘जामीन’ हा शब्द सुटकेलाही लागतो आणि आपल्यासाठी उभ्या राहणाऱ्या माणसालाही. आपण ‘जामीन मिळाला’ म्हणतो तसेच ‘मी जामीन राहतो’ही म्हणतो. गरिबाची अडचण दुसऱ्या अर्थापाशी येते. सात वर्षांनी नातेवाईक पांगलेले असतात, ऐपतीचा दाखला असलेला कोणी उरत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या हुकुमानंतरही आत राहणाऱ्यांसाठी सूचना दिल्या: सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा विचार आपणहून करावा. निकालातले शेवटचे वाक्य आणि तुरुंगाचा दरवाजा यांच्यामधले अंतर या सूचनांनी भरून काढायचे आहे.

त्या संध्याकाळी मी बाबांना निकालाचा शेवटही वाचून दाखवला. न्यायालयांनी या बाबींविषयी संवेदनशील असले पाहिजे आणि विशेषतः कडक कायद्यांचे खटले लवकर हाती घेऊन संपवले पाहिजेत, असे ते वाक्य आहे. त्याच्या मध्यभागी एक कंस आहे. त्या कंसात लिहिले आहे की आरोपी निर्दोष सुटला तर त्याचे झालेले नुकसान कधीच भरून निघणारे नाही. सुरुवातीपासून राखून ठेवलेला प्रश्न इथे येतो, तोही कंसात, हळू आवाजात.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाळी चुकली तर ओव्हरटाइम करून भरून काढता येते. याची सात वर्षं कोण भरून देणार? आणि एवढी मोठी गोष्ट कंसात का घातली रे?”

मी निकाल पुन्हा वाचला. निर्दोष सुटका ही कायद्याच्या नजरेत अजून एक शक्यता आहे, आणि शक्यतेची जागा कंसातच असते. त्या माणसाचे ३४ साक्षीदार राहिले आहेत तोवर ती शक्यता कोणालाच कंसाबाहेर काढता येत नाही, त्यालाही नाही आणि न्यायालयालाही नाही. तिला बाहेर आणायचा एकच मार्ग आहे. पुढच्या तारखेला पुन्हा तहकुबी न मागता एकतिसाव्या साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करणे.